नॅकपुरती समिती

परवा एका प्राचार्यांनी आम्हाला छाती फुगवून सांगितले, ‘आमच्याकडे दहा वर्षांत लैंगिक छळाची एकही तक्रार नाही!’ आम्ही त्यांचा हात हातात घेतला. हजारो मुलं-मुली, एवढा कर्मचारीवर्ग आणि दहा वर्षांत कुणाची नजरसुद्धा वाकडी नाही. अशा पुण्यभूमीची माती कपाळाला लावावी म्हणून खाली वाकलो, तर पेव्हर ब्लॉक निघाले.

मग त्यांनी तक्रारपेटी दाखवली. ती त्यांच्याच केबिनच्या दाराशी टांगलेली आहे. वर कॅमेरा, खाली शिपाई. पेटीची किल्ली महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येऊन गेल्यापासून सापडत नाही. शेजारी अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचा फलक. अध्यक्ष मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे बंगळुरूला गेल्या, पण फलकावर अजून रुजू आहेत. स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधी म्हणजे संस्थाचालकांच्या वहिनी. त्यांचे महिला मंडळ हळदीकुंकवाचे काम तळमळीने करते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, लैंगिक छळाबाबतचे २०१५ चे विनियम म्हणतात, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत आणि तेही निवडून आलेले. ‘निवडणुकीने वातावरण बिघडतं हो,’ प्राचार्य म्हणाले. म्हणून त्यांनीच तीन गुणी मुले नेमली. त्यातल्या एकाला आपण समितीत आहोत हे आमच्याकडूनच कळले. बिचारा घाबरला. ‘माझ्याविरुद्ध कुणी काही बोललं का?’

सुरक्षेची व्यवस्था मात्र चोख. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद होते. मुलांचे कधी बंद होते हे रेक्टरना आठवेना. बहुधा त्याला फाटकच नाही. त्याच विनियमांत असेही लिहिले आहे की, सुरक्षेची सबब सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा जाचक नियम लावता येणार नाहीत. पण ते पान फाइलीत उलटे लागले असावे.

चुकून एखादी मुलगी प्राध्यापकाविरुद्ध तक्रार घेऊन आलीच, तर प्राचार्य स्वतः तिची समजूत घालतात. ‘अगं बाळ, सर वडिलांसारखे आहेत. आणि तुझे इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात ना?’ चौकशी चालू असेपर्यंत त्या सरांना तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते, अशीही तरतूद आहे. ती मुलीला सांगणे समितीचे काम, आणि समिती, मघाशी म्हटल्याप्रमाणे, बंगळुरूला आहे. शिवाय साधारणपणे तक्रार तीन महिन्यांत करावी लागते. त्यातला एक महिना समजुतीत जातो, एक परीक्षेत, एक दिवाळीत.

समिती धड नसली की काय होते ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. विद्यार्थिनींनी २००९ मध्ये प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी अशा घाईने उरकली की मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडेच पाठवले. चौदा वर्षांनी! लैंगिक छळाविरुद्ध कायदा आहे, पण त्याची अंमलबजावणी खेदजनक आहे, असेही न्यायालयाने तेव्हा सुनावले. आमच्या प्राचार्यांना हे सांगितले तेव्हा ते समाधानाने म्हणाले, ‘बघा, म्हणून आम्ही चौकशीच करत नाही.’

ओडिशात बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. समितीने चौकशीही केली होती. जुलै २०२५ मध्ये तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले. दोन दिवसांनी ती गेली. शून्य तक्रारींचा अभिमान मिरवणाऱ्यांपुढे बालासोरचे नाव घेतले, की चहा मागवला जातो.

तुमची मुलगी यंदा कॉलेजात जात असेल, तर कॅन्टीन आणि प्लेसमेंटची चौकशी नंतर करा. आधी तिथल्या अंतर्गत समितीच्या फलकावरच्या नंबरवर एक फोन लावा. कुणी उचललाच, तर विचारा, समितीची मागची बैठक कधी झाली होती?