कळसूबाईपेक्षा ठेंगणी खिंड

स्पितीला जायचं ठरलं ते एका गैरसमजातून. गैरसमज इतका सर्वसंमत आणि सुखाचा होता की तो दूर झाला तेव्हा सगळ्यांना फसवल्यासारखं वाटलं. आणि दूर मी केला, त्यामुळे फसवणारीही मीच ठरले.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा कंपू आहे. मैदानाचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण गोल्फ क्लब म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याच्या डोक्यात उजेड पडत नाही. आम्ही सतरा जण. चार फेऱ्या मारायच्या आणि मग कट्ट्यावर बसून, चाललो त्याच्या दुप्पट बोलायचं, हा नेम. त्यातल्या एकांना आम्ही मुकादम म्हणतो. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण अंदाजपत्रकं करायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी कानटोपीतून घडी केलेला कागद काढला. ‘स्पिती परिक्रमा, १० दिवस.’ खाली तक्ता. मुक्काम, अंतर, खर्च आणि शेवटच्या रकान्यात उंची. शिमला २२००, कल्पा २९६०, नाको ३६६०, ताबो ३२८०, काझा ३८००, कुंझुम खिंड ४५५१.

बँकवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ते जवळचं वाचताना चष्मा काढतात आणि लांबचं बघतच नाहीत.

“कळसूबाई किती हो?”

“पाच हजार चारशे,” तिघे एकदम म्हणाले. हा आकडा नाशिककराला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो.

“मग ही खिंड कळसूबाईपेक्षा ठेंगणीच की! आणि कळसूबाई तर आपण दोनदा केलंय.”

केलं होतं, खरं आहे. एकदा पूर्ण, आणि एकदा लिंबू सरबतवाल्यापर्यंत. सतरा हात वर गेले. त्यातले दोन तर असे होते, ज्यांचे खांदे दुखतात म्हणून फिजिओथेरपी चालू होती.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एकक न लिहिता उत्तर लिहिणाऱ्या पोराचा अर्धा गुण कापताना माझा हात कधी थरथरला नाही. पण त्या सकाळी मी गप्प बसले. कट्ट्यावर एवढा उत्साह मी पूर्वी फक्त मिसळीच्या प्रस्तावाला पाहिला होता. तीन दिवस तग धरला. चौथ्या दिवशी बँकवाले काका “खिंडीत आपण लगोरी खेळू” असं म्हणाले, तेव्हा राहवलं नाही.

“काका, ते मीटर आहेत. कळसूबाई मीटरमध्ये १६४६ भरते. कुंझुम फुटांत पंधरा हजारांच्या जवळ जाते.”

कट्ट्यावर शांतता पसरली. कोणीतरी हळूच म्हणालं, “म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई?”

“आणि वर पुन्हा पाऊण कळसूबाई.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती वरची पाऊण मी माझ्या हातांनी रचली होती.

हिमालयात चढत गेलं की झाडांची एक हद्द येते. देवदार थांबतात, मग भूर्ज थांबतात, त्याच्या वर खुरटी झुडपं आणि मग नुसता दगड. आमच्या यादीचं तंतोतंत असंच झालं. शिमल्याच्या उंचीपर्यंत सतराही जण डवरलेले होते. कल्पाच्या उंचीला तिघे गळाले. प्रत्येकानं कारण सांगण्याआधी “उंचीमुळे नाही हं” असं आवर्जून म्हटलं. एकाच्या भाच्याचा साखरपुडा व्हायचा होता. मुलगी अजून बघायची होती. एकीच्या कुत्र्याला ती नसली की जेवण जात नाही. तिसऱ्यांनी नुसतंच गुडघ्यावर बोट ठेवलं. हे मला सर्वांत प्रामाणिक वाटलं.

उरलेल्या चौदांचा तारखेवर घोळ सुरू झाला. इथे मला एक शोध लागला. हिमालय आणि कालनिर्णय यांची मुळात कुंडलीच जमत नाही. मे महिन्यात आपल्याला सुट्टी, तर कुंझुम खिंड बर्फाखाली. जूनमध्ये खिंड उघडते, तर नातवंडांच्या शाळा उघडतात, शिवाय वटपौर्णिमा. जुलैत किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. वास्तविक स्पितीत पाऊस जेमतेम असतो. ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात; इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला कोरडं, तोच हिशेब. पण सिन्नरला पोचायला इगतपुरीच्या पावसातून जावं लागलं तर काय, असा हा पेच. ऑगस्टात श्रावण. तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी चुकवायची नाही, असं चौघांचं म्हणणं. मग गणपती, गौरी. मग पितृपक्ष. मग नवरात्र. आणि ऑक्टोबर अर्धा झाला की खिंडीचा भरवसा संपला.

मुकादमांनी पितृपक्ष सुचवला. कोणाचं लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. प्रवासाला इतका निर्वेध पंधरवडा वर्षात दुसरा नाही.

“आणि पान कोणाला वाढायचं तिथे?” कंपूतल्या वहिनी म्हणाल्या. “कावळे तरी आहेत का त्या तुमच्या स्पितीत?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कावळा म्हणजे विज्ञान. मी सांगितलं, तिथे डोमकावळे असतात, आणि शिवाय चफ नावाचा पक्षी असतो. काळा कुळकुळीत, चोच मात्र पिवळी नाहीतर लाल, कावळ्याच्याच कुळातला. यावर कट्ट्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. पिवळ्या चोचीचा चालेल का, हा प्रश्न माझ्या विषयाच्या बाहेरचा होता. अखेर वहिनींनीच निकाल दिला, “कुळातला आहे ना? मग चालेल. आपले तरी सगळे कुठे जवळचे असतात?” पितृपक्ष मंजूर झाला. दोघे तरी गेलेच.

मग रस्ता. इथे कंपूची सरळ दोन शकलं झाली. शिमला पक्षाचं म्हणणं, शिमल्याकडून किन्नौरमार्गे हळूहळू चढायचं. मनाली पक्षाचं म्हणणं, २०२० साली अटल बोगदा झाला, नऊ किलोमीटर गाडीत बसून जायचं, रोहतांगचा घाट वाचला, त्याच संध्याकाळी काझा. मनाली पक्षाची पाहणी केल्यावर माझ्या लक्षात आलं की या सगळ्यांचा मधुचंद्र मनालीला झाला होता. भाड्याच्या हिमाचली टोप्या घालून काढलेले फोटो मोबाइलवर फिरू लागले. एका फोटोत मागे याक होता आणि पुढे उभा माणूस त्याच्याहून केसाळ होता. तेच हे बँकवाले काका, हे कोणालाच पटेना.

मी पुन्हा फळ्याजवळ गेल्यासारखी उभी राहिले. हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे सारखंच असतं, शंभरात एकवीस. वर कमी होतो तो हवेचा दाब. साडेचार हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. म्हणजे छाती तेवढीच भरायची आणि पदरात जेमतेम निम्मं पडायचं. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून फार वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. मनाली दोन हजारांवर, काझा अडतीसशेवर. तुम्हीच वजाबाकी करा.

“बाई, परीक्षेला आहे का हे?” मागून आवाज आला.

तडजोड अशी झाली की शिमल्याकडून चढायचं आणि मनालीकडे उतरायचं. मधुचंद्राची उजळणी शेवटच्या दिवशी.

एवढं असूनही मला का जायचं होतं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ताबोचं नाव घेतलं असतं. तिथला मठ ९९६ सालचा. मातीच्या भिंती, आतून रंगवलेल्या, आणि अजून उभ्या. आमच्या सिन्नरचं गोंदेश्वर तेव्हा बांधायलाही घेतलं नव्हतं. माती हजार वर्षं टिकवायची असेल तर पाऊस नसलेला देश लागतो, हे मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं. ते डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी लोकांना लांगझाचं आकर्षण होतं. तिथे, चौदा हजार फुटांवर, समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, कारण हिमालय उठण्यापूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. हे मी सांगितलं आणि चूक केली. गंडकीत सापडणारा शाळिग्रामही याच जातीचा जीवाश्म, हेही सांगितलं आणि घोडचूक केली. वहिनींनी लगेच यादी काढली, सहा घरच्या देवघरांसाठी सहा. “डोंगरातलं काही उचलायचं नाही,” असं मी बजावल्यावर त्यांचा मार्गच बदलला. म्हणाल्या, “मग निदान माझा कुकर तरी चढवा.”

तो कुकर ही या सहलीची खरी नायिका. पाच लिटरचा, हिंदालियमचा, शिट्टी थोडी तोतरी. काझाला पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास उड्या मारते पण शिजत नाही, असं मी एकदा बोलून गेले होते. ते वहिनींनी मनावर घेतलं. तिथे घरोघरी कुकर आहेतच, हे मी नंतर शंभर वेळा सांगितलं. “त्यांच्या कुकरवर माझा विश्वास नाही.” मुकादमांच्या तक्त्यात सामानाचा रकाना होता, त्यात कुकरचं वजन आणि वहिनींच्या पिशवीचं वजन वेगळं मांडलं गेलं. शिवाय कोंडाजीच्या चिवड्याची बारा पाकिटं. हवेचा दाब कमी झाला की बंद पाकिटं फुग्यासारखी फुगतात, म्हणून मी ती टाचणीनं भोकं पाडून न्या म्हटलं. “म्हणजे चिवडा सादळणार,” असा दुसरा विज्ञानाचा नियम माझ्या तोंडावर मारण्यात आला.

औषधांचा विषय आमच्या कंपूतल्या डॉक्टरांकडे. ते त्वचारोगतज्ज्ञ आहेत. सहा महिने लोकांनी त्यांना उंचीवरच्या त्रासाबद्दल विचारलं आणि सहा महिने त्यांनी सनस्क्रीन लावायला सांगितलं. अखेर त्यांनी त्यांच्या एका मित्राला गाठून नीट माहिती आणली. डायमॉक्स नावाची गोळी मिळते, पण आधी आपापल्या डॉक्टरांना दाखवा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. बोटांना मुंग्या येतात. आणि लघवीला वारंवार जावं लागतं. शेवटच्या वाक्यानं जो हाहाकार उडाला तो पंधरा हजार फुटांनी उडाला नव्हता. स्पितीतल्या जुन्या घरांत कोरडी शौचालयं असतात, पाण्याऐवजी माती नाहीतर राख टाकायची. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठतं तिथे याहून शहाणी सोय नाही. पण ‘कमोड आहे का?’ हा प्रश्न मुकादमांना एका दिवसात अकरा वेळा आला. तेव्हा आम्ही राहिलोच बारा होतो. कोणीतरी भीमसेनी कापराच्या पुरचुंड्या बांधून आणल्या. हुंगलं की दम लागत नाही म्हणे. कापरानं प्राणवायू वाढत नाही, असं मी सांगणार होते. पण तोवर कट्ट्यावर माझी पत इतकी घसरली होती की मीही एक पुरचुंडी घेतली आणि हुंगत घरी गेले.

सराव पांडवलेणीवर व्हायचा. दर रविवारी पायऱ्या चढायच्या आणि उतरल्यावर मिसळ. चौथ्या रविवारी लेणी वगळली गेली. तिचा उल्लेख कोणी केला नाही, हे विशेष.

माणसं गळत गेली तसा माणशी खर्च चढत गेला, आणि खर्च चढला तशी आणखी माणसं गळली. ठरवलेली टेम्पो ट्रॅव्हलर रद्द करून मुकादमांनी लहान गाडी ठरवली. गळालेले मात्र कट्ट्यावरून गेले नाहीत. उलट त्यांचा उत्साह वाढला. न जाणाऱ्यांना मार्गाची जी बारीक माहिती असते, ती जाणाऱ्यांना कधी नसते. चीचमचा पूल कोणत्या वेळी बघावा, कुंझुमच्या देवीला गाडीनं फेरी कशी मारतात, चंद्रतालला रात्री किती कपडे घालावेत, सगळं तेच सांगत. अखेरची यादी पाच जणांची झाली. मुकादम, वहिनी, त्वचेचे डॉक्टर, मी, आणि एक गृहस्थ, जे आठ महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी पैसे भरले होते.

बँकवाले काका सर्वांत शेवटी गळाले. कारण दिलं नाही. फक्त म्हणाले, “मीटर नसते तर आलो असतो.”

निघायच्या आदल्या सकाळी कट्ट्यावर अकरा जणांनी अकरा पत्ते लिहून दिले. काझाजवळ हिक्किम नावाचं गाव आहे, सुमारे ४४४० मीटरवर. तिथलं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे आणि जगातल्या सर्वांत उंचावरच्या टपाल कचेऱ्यांत त्याचं नाव घेतात. तिथला शिक्का असलेलं पोस्टकार्ड प्रत्येकाला हवं होतं. एकीनं पत्त्याखाली लिहिलं होतं, “घरी नसल्यास शेजारी देणे.” कुत्र्याचंही एक वेगळं कार्ड होतं.

काकांनी पत्ता दिला नाही. त्यांनी लिहून तयार असलेलं कार्डच खिशातून काढलं. पत्ता त्यांचाच, अक्षर त्यांचंच, शाईचं पेन. ‘येथे थंडी फार आहे. दम लागतो. डाळ शिजत नाही. आपण आला नाहीत ते उत्तम केलेत. आपले सहप्रवासी.’ खाली सह्यांसाठी पाच रेघा आखलेल्या आणि वर कोपऱ्यात लिहिलेलं, ‘हिक्किम, उंची’, पुढे मोकळी जागा.

“ती जागा तिथे विचारून भरा,” कार्ड माझ्या हातात देत ते म्हणाले. “आणि बाई, एकक लिहा.”