पुस्तकात इल्ल

टीव्ही लावला की शेजारी बसून "मूळ कथेत असं नाहीये हं" म्हणणारा एक माणूस प्रत्येक घराला नेमून दिलेला असतो. कुणाकडे तो आतेभाऊ असतो, कुणाकडे वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. आमच्या वाट्याला मामेसासरे आले. ते राहतात कुंभकोणम्‌जवळ पट्टीश्वरम्‌ला. तंजावरी मराठी, म्हणजे व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेल्या आणि साडेतीनशे वर्षांत परतीचं तिकीट न काढलेल्या कुळातले. घरात मराठी, दारात तमीळ आणि राग आला की दोन्ही. मामांचं ते सुप्रसिद्ध वाक्य या दोन्हींतून तयार झालेलं आहे. डाव्या हातात रिमोट, उजव्या हाताची तर्जनी पंख्याकडे, पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजलेला नायक, आणि मामा म्हणतात, "पुस्तकात इल्ल!"

इल्ल म्हणजे नाही. आणि पुस्तक म्हणजे कॉमिक. मामांच्या घरी धार्मिक ग्रंथ देवघरात असतात आणि कॉमिक कुलुपाच्या कपाटात. देवघराला कुलूप नाही.

एकदा नातवानं हौसेनं 'हल्क'ची जुनी अमेरिकी मालिका लावली. 1977 साली सुरू झालेली, लू फेरिग्नोला हिरवा रंग फासलेली. पहिल्या दहा मिनिटांत तर्जनी वर. "याचं नाव डेव्हिड कसं? ब्रूस बॅनर! पुस्तकात डेव्हिड इल्ल!" नातू पुढे सरकवतो तोवर पुन्हा, "गॅमा बाँब कुठाय? पुस्तकात तो एका पोराला वाचवायला बाँबच्या चाचणीत धावत जातो. इथे प्रयोगशाळेत खुर्चीत बसून किरण घेतोय, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा!" आणखी थोड्या वेळानं, "हा बोलत का नाही? पुस्तकातला हल्क बोलतो!" त्या भागात हल्क नेमका कुणावर चिडला होता ते नातवाला आजतागायत माहीत नाही. मी हळूच म्हटलं, "मामा, 1962च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. छपाईत करडा रंग धड येईना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या खोलीत हिरवं होण्याची पाळी आता कुणाची, याबद्दल शंका उरली नाही.

हे वाक्य टीव्हीपुरतं राहिलं असतं तर सोसलं असतं. पण कुंभकोणम् स्टेशनात गाडीला उशीर झाला की "टाइमटेबलात इल्ल." डॉक्टरांनी गोळी बदलली की "आधीच्या कागदावर इल्ल." भाचीच्या लग्नात भटजींनी दोन मंत्र गाळले तेव्हा मामांची तर्जनी मांडवाच्या झालरीपर्यंत गेली आणि सप्तपदी चौथ्या पावलावर थांबली. भटजींनी ते दोन्ही मंत्र म्हटले. मग वर मान करून विचारलं, "आता पुढे जाऊ, की पुस्तक आणू?"

मामा बँकेत होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बदली होऊन मुंबईला आले आणि नेमकी तेव्हाच, 1988मध्ये, दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' सुरू झाली. सगळा देश अंजन श्रीवास्तवांवर खूश. मामा सोडून. का, तर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन 1951पासून टाइम्सच्या कोपऱ्यात चौकटीचा कोट आणि धोतर घालून उभा होता आणि इतक्या वर्षांत त्यानं तोंडातून एक अक्षर काढलेलं नव्हतं. "आणि हा वागळे? पाहावं तेव्हा बोलतोय! बायकोशी बोलतोय, साहेबाशी बोलतोय!" शेजारच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी समजावलं की अहो, ही मालिका खुद्द लक्ष्मण यांच्याच कल्पनेवर बेतलेली आहे, आणि वागळे म्हणजे काही तो कॉमन मॅन नव्हे. मामा गंभीरपणे म्हणाले, "लक्ष्मणही माणूसच आहेत. चुकू शकतात."

या जातीच्या माणसाची निष्ठा लेखकावरही नसते, हे मला त्या दिवशी कळलं. लेखक आज आहे, उद्या पैशांसाठी मालिकेला हो म्हणेल. पानाचा मात्र भरवसा धरता येतो.

मग मीही इरेला पेटलो. पुण्याहून निघताना तयारी करून निघालो आणि ओसरीवर डिग्री कॉफीचा डबरा हातात येताच सुरुवात केली. "मामा, क्रिप्टोनाइटशिवाय सुपरमॅन चालेल?"

"छे! मग त्याला हरवणार कशानं?"

"ते पुस्तकातलं नाही. 1943मध्ये रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेत ते पहिल्यांदा आलं. पुस्तकात शिरलं 1949मध्ये. आणि जोकरची ती हार्ले क्विन? ती 1992च्या टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये जन्मली. कॉमिकवाल्यांनी तिला मागाहून घरात घेतलं."

मामांनी कॉफी डबऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात चांगली दोन हात उंचीवरून ओतली. विचार करायला ते एवढाच वेळ घेतात. "ते दत्तक," ते म्हणाले. "घरात असतात, पण रक्ताचे नाहीत."

यावर आतून माझ्या बायकोचा आवाज आला, "मामा, सरफोजीराजेही दत्तकच होते."

ओसरीवर शांतता. तंजावरी मराठी माणसापुढे सरफोजीराजांचं नाव असं वापरणं म्हणजे अंगावर ब्रह्मास्त्र सोडणं. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं, त्यावरून वाद झाला, आधी अमरसिंग गादीवर बसले, आणि 1798मध्ये सरफोजींना गादी मिळाली. हे मामांना तोंडपाठ आहे, कारण मलाही ते त्यांनीच ऐकवलेलं आहे. "सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय एवढं मोठं केलं," मामा शेवटी म्हणाले. "क्रिप्टोनाइटनं काय केलं?"

बायकोनं सामना जिंकून दिला होता, पण माझ्या खिशात अजून एक पान होतं. मामांचा दुसरा देव कॉमिकमधला वेताळ. पुण्याच्या एका आत्यानं इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक पाठवले, त्यांवर मामा नागरी अक्षर वाचायला शिकले. तमीळ शाळेतल्या मुलाला मराठी छापील स्वरूपात पहिल्यांदा भेटली ती जांभळ्या घट्ट कपड्यांतली, कमरेला दोन पिस्तुलं लावलेली. मी म्हटलं, "ली फॉक यांच्या मूळ चित्रपट्टीत वेताळाचा देश डेंकाली नाही, बंगाला आहे. आपल्याकडे कुणाला बंगालची शंका येऊ नये म्हणून इंद्रजालवाल्यांनी बदललं. तेव्हा डेंकाली, मामा, पुस्तकात इल्ल."

माझाच घाव मला फार आवडला. मामा मात्र चिडले नाहीत. पेला पालथा घालून म्हणाले, "माझ्या पुस्तकात होतं."

आणि उठून चपला घालू लागले. "चला, तुम्हाला खरं कॉमिक दाखवतो."

पट्टीश्वरम्‌हून दारासुरम् हाकेच्या अंतरावर. राजराज दुसरा या चोळ राजानं बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ. पर्यटक मान वर करून गाभाऱ्यावरचं विमान पाहतात. मामा मला खाली वाकवून जोत्यापाशी घेऊन गेले. तिथे दगडात वीतभर उंचीच्या चौकटींची रांग आहे. त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, कथा. एकेका चौकटीत एकेक प्रसंग आणि सोबत तमिळात कोरलेली ओळख. ज्या 'पेरियपुराणा'त या कथा आहेत ते सेक्किळारनं रचून तेव्हा फार काळही लोटला नव्हता. पुस्तक आलं आणि पाठोपाठ त्याची मालिका निघाली, असाच तो प्रकार. मी वाट पाहत होतो की आता तर्जनी वर जाईल. मामांनी ती एका चौकटीवर अलगद टेकवली आणि धूळ पुसली.

परतताना पट्टीश्वरम्‌च्या देवळात गेलो. राहुकाळ होता, दुर्गेपुढे लिंबाच्या दिव्यांची गर्दी. गर्भगृहासमोरचा नंदी सरळ रेषेत नाही, बाजूला सरलेला आहे. मामांनी गोष्ट सांगितली. त्या त्रेसष्टांतला बाल संबंदर आनी या तमीळ महिन्याच्या उन्हात चालत येत होता, देवानं त्याच्यासाठी मोत्यांचा मांडव पाठवला आणि तो येताना नीट दिसावा म्हणून नंदीला म्हणाला, जरा बाजूला हो. माझ्या जिभेवर आलंच होतं, पुस्तकात नंदी आहे का? मामांनी ते ओळखलं. "समोर दिसतोय ना सरकलेला? मग?" ते म्हणाले, आणि नंदीला नमस्कार केला.

त्या रात्री कुलुपाचं कपाट उघडलं. वरच्या खणात वेताळ. खालच्या खणात शिवकाशीचे तमीळ 'मुत्तू कॉमिक्स', 1972पासूनचे. मामांचा पहिला देव तिथे होता, इरुंबुक्कै मायावी. मूळचा ब्रिटिश; अपघातात हात गेलेला, पोलादी पंजा बसवलेला. विजेचा झटका बसला की माणूस अदृश्य आणि पंजा तेवढा हवेत. कुंभकोणम्‌च्या एका दुकानातून मामा हे अंक भाड्यानं आणायचे. त्यांच्या आजीची दृष्टी गेलेली होती. तमीळ तिला बाजारापुरतं यायचं. मामा तिच्याजवळ बसून तमीळ वाचत आणि मराठीत सांगत. पंजा तिजोरी फोडतो, पंजा खलनायकाची मान धरतो. आजी मध्येच विचारायची, "एवढा शॉक बसला पोराला. जेवला का तो?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जेवायला घालायचो. प्रत्येक अंकात. कधी दहीभात, कधी पुरणपोळी. आजी विचारायची, अदृश्य झालेल्याला वाढतात कसं? मी सांगायचो, पंजा पुढे येतो." मामा बराच वेळ एका पानाकडे पाहत राहिले. "आजीला मायावी म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी वाटायचा. लग्नाचं बघा त्याचं, म्हणायची."

मायावीची मालिका अजून कुणी केलेली नाही, यावर मामा जन्मभर समाधान मानतात अशी माझी समजूत होती. म्हटलं, "बरं आहे, याला तरी कुणी बिघडवला नाही."

मामांनी दाराकडे पाहिलं. मग खणाच्या तळातून बँकेची एक जुनी डायरी काढली. आत सगळं लिहिलेलं. पहिल्या भागात मायावी कुंभकोणम् स्टेशनात उतरतो. तिकीट तपासनीसापुढे नुसता पंजा तिकीट धरून येतो. मग महामहम् तलावावरून पट्टीश्वरम्. आजी आहे. दहीभात आहे.

"नट कोण घेणार?" मी विचारलं.

"नट कशाला? तो अदृश्य असतो. खर्च फक्त पंजाचा." मामा माझ्याकडे सरकून बसले. "तो स्वामीमलैच्या मूर्तिकारांकडून ओतून घ्यायचा. पंचलोहाचा. पोलाद टीव्हीवर फार काळं दिसतं हो."