गल्लीशोधक जावईबापू

हिंडणाऱ्या मनुष्यांचे यात्रेकरू, व्यापारी आणि बदलीवाले सरकारी नोकर असे तीन वर्ग माझ्या उमेदीच्या काळापर्यंत पुरेसे होते. परंतु जो देवदर्शनास जात नाही, माल विकावयास जात नाही, बदलीचा हुकूम नसतानाही बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतो आणि वाटेत एखादे प्रेक्षणीय स्थळ दिसलेच तर रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागतो, असा एक चौथा वर्ग अलीकडे उदयास आला असून, त्याचा एक अव्वल नमुना कन्यादानाच्या ओघात आमच्या चांदनी गावच्या घरी दाखल झाला आहे. जावईबापू पुण्यास असतात. त्यांना शहरे नकोत, गल्ल्या हव्यात. आणि गल्लीही अस्सल हवी. अस्सलपणाची त्यांची कसोटी एकच, ती अशी की तेथे त्यांच्यासारखा दुसरा इसम अद्याप पोहोचलेला नसावा. तो पोहोचला की गल्ली बाटली.

गतवर्षी चार दिवसांच्या रजेत ते शांघायला जाऊन आले. चीन म्हटले की आमच्या पिढीला सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आठवतात, जे १९३८ साली जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. जावईबापू मात्र नदीकाठचा तो प्रसिद्ध बंडदेखील पाहून आले नाहीत. "तिथे प्रवासीच फार असतात, मामा," ते म्हणाले. ते स्वतः कोणत्या नात्याने गेले होते, हे विचारण्याचे धाडस सासऱ्याच्या पदास शोभणारे नसल्याने मी पानाला चुना लावीत राहिलो.

गूगलचा नकाशा तेथे चालत नाही, ही आपत्ती त्यांना पर्वणीच वाटली, कारण वाट चुकण्याचा एरवी जो प्रयत्न करावा लागतो तो वाचला. तैकांग रस्त्यावरच्या तियान्झिफांग नामक वस्तीत, दगडी चौकटींच्या जुन्या चाळवजा घरांतून, नव्वदीच्या अखेरीस चित्रकार येऊन राहू लागले होते. आता तेथे पंखे आणि किल्ल्यांच्या साखळ्या विकतात, सबब बाटले. मोगानशान रस्त्यावर, सुचौ खाडीच्या काठी, बंद पडलेल्या सूतगिरणीत चित्रांची दालने थाटली आहेत. ते थोडेसे बाटले. रात्री ते एका मद्यालयात गेले, ज्याचे दार पुस्तकांच्या कपाटामागे दडविलेले होते, आणि ते हुडकून काढल्याचा अभिमान त्यांच्या मुद्रेवर अजून ताजा होता. आमच्या मुलखात दार नसलेल्या अशा मद्यालयांची परंपरा मोहाच्या झाडाइतकी जुनी असून, आबकारीच्या शिपायाखेरीज तिचे कौतुक कोणी केलेले नाही, एवढे मी नम्रपणे नमूद केले.

परंतु खरा प्रसंग ओढवला तो जेवताना. जावईबापूंनी शियाओलोंगबाओ या पदार्थाचे वर्णन आरंभिले: उकडीच्या मोदकासारख्या कळ्या, पातळ पारी, आणि आत कढत रस्सा, जो पहिल्याच घासाला त्यांच्या सदऱ्यावर सांडला. आमच्या सौभाग्यवतींच्या हातातली पळी तिथेच थांबली. मोदकाच्या विषयात ती कोणाची गय करीत नाही.

"अहो, पण पातळ रस्सा पारीत भरायचा कसा? भिजून फाटायची नाही का?"

"तो आधी थिजवतात, आई. मग बारीक कापून सारणात मिसळतात. वाफ लागली की आतल्या आत वितळतो."

"थिजतो कशानं?"

डुकराची कातडी तासन्‌तास उकळून तो थिजवितात, ही गोष्ट मला वाचनाने ठाऊक होती व जावईबापूंना अनुभवाने. आणि चतुर्थीला कांदाही वर्ज्य मानणाऱ्या त्या घरात आम्हा दोघांच्या नजरा क्षणभर एकमेकांस भिडल्या.

"चायना ग्रास घालत असतील," तीच म्हणाली.

"तेच ते!" जावईबापू म्हणाले. पुढच्या संकष्टीला करून पाहण्याचे ठरले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बऱ्हाणपुरास नेले. मावा जिलबी उत्तम आहे असे त्यांनी मान्य केले, परंतु ती विकणारा भर बाजारात, उघड्यावर, पाटी लावून बसतो, हे त्यांना खटकले. परतताना नेपानगरला कागदाची गिरणी दिसताच मात्र ते गाडीतून जवळजवळ उडी मारून उतरले. सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा लगदा करून देशात पहिल्यांदा वृत्तपत्री कागद जिने काढला, जी नेहरूंनी १९५६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राला अर्पण केली, त्या गिरणीकडे ते प्रेमात पडल्यासारखे पाहत उभे राहिले. "मामा, ही बंद पडली तर काय बहार होईल! चित्रकार येतील, कॉफी येईल!"

मी सांगितले की २०१६ पासून २०२२ पर्यंत उत्पादन बंदच होते, आणि त्या सहा वर्षांत कुंचला घेऊन कोणी उतरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांना वाईट वाटले; गिरणीचे नव्हे, आपल्याला कोणी कळविले नाही याचे. परळला १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यांच्या आवारात आज पाट्या लावून मद्य विकतात, आणि तेथे सर्वांत सुखाने तोच बसतो ज्याच्या घरचे कोणी साच्यावर उभे राहिलेले नव्हते. पण जावयाशी वाद घालू नये.

निघण्याच्या दिवशी चांदनीच्या फलाटावर त्यांना अखेर हवे ते सापडले. ना गर्दी, ना पाटी, ना फेरीवाला. सागाच्या रानावरून येणारा वारा, आणि मधूनमधून धडधडत, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता भुसावळ-खंडव्याकडे निघून जाणाऱ्या मेलगाड्या. त्यांनी छायाचित्र काढले, पण कोणाला धाडले नाही.

"मामा," माझा हात हातात घेऊन ते गहिवरून म्हणाले, "एक वचन द्या. या जागेविषयी कुठे बोलू नका. एकदा गाड्या थांबायला लागल्या, की संपलं."

मी मान डोलावली. आणखी एक तरी गाडी येथे थांबावी म्हणून दरसाल वरिष्ठांकडे जो अर्ज मी रवाना करतो, त्याची यंदाची नक्कल, साठ सह्यांनिशी, माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती.