शेवट न पाहिलेली माणसं

मुलगा तबला घेऊन बसला की वडिलांच्या कपाळावर जी आठी पडते, तिला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पण मुलगी स्वतः कलावंत होणार नाही, कलावंतांची व्यवस्था पाहणार, आणि त्यासाठी तीन वर्षं परदेशात राहून पदवी घेणार, हे कळल्यावर कुठली आठी घालायची ते आमच्या घरात कुणालाच ठरवता येईना. भाची लंडनला कलाव्यवस्थापनाचं बी.ए. करायला गेली. भाऊजींच्या चेहऱ्यावर तेव्हापासून एक अर्धवट आठी मुक्कामाला आहे, गाडी नेमकी कुठली पकडायची ते न ठरलेल्या प्रवाशासारखी.

भाची अधूनमधून फोनवर अभ्यासक्रम सांगते. अंदाजपत्रक, देणग्या, करारनामे, कॉपीराइट, सरकारचं सांस्कृतिक धोरण, आणि प्रेक्षक येतो कुठून व जातो कुठे याचा एक स्वतंत्र पेपर. एकदा म्हणाली, “मामा, न विकलेल्या खुर्चीची किंमत काय, यावर निबंध लिहायचाय.” मी म्हटलं, तिसऱ्या घंटेपर्यंत तिकिटाएवढी, नंतर शून्य. तिच्या पुस्तकातही साधारण तेच निघालं, फक्त तिथे आलेख होता. आलेख मला नवा, पण ते शून्य मी फार जवळून पाहिलेलं आहे. नाट्यगृहाच्या खिडकीत पूर्वी कागदी प्लॅन असायचा आणि त्यावर पेन्सिल घेऊन बसलेले एक गृहस्थ. विकलेल्या खुर्चीवर फुली मारताना त्यांची मुद्रा एखाद्याची पत्रिका पाहावी तशी गंभीर होई. “सातवी रांग, कडेची. चालेल?” असं ते विचारत, तेव्हा नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रयोगाची वेळ जवळ आली तरी ज्या दिवशी प्लॅन पांढराच राही, त्या दिवशी ते उगाचच पेन्सिलीला टोक करत बसत.

भाचीमुळे मला बॉमोल आणि बोवेन हे दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञही भेटले. 1966 साली त्यांनी रंगमंचीय कलांच्या आर्थिक पेचावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणणं सरळ आहे. कारखान्यात यंत्रं सुधारतात, त्याच वेळात जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढले तरी परवडतात. पण चार वादकांनी मिळून वाजवायच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. बाहेर मजुरी वाढते, ती यांनाही द्यावी लागते, आणि उत्पादन मात्र तेवढंच. म्हणून कला दरसाल महागच होत जाणार. हे वाचून मला आपला बडा ख्याल आठवला आणि अर्थशास्त्राची जरा कीव आली. विलंबित एकतालाची सम कधी येते याची वाट पाहण्यात जिथे आनंद आहे, तिथे कार्यक्षमता वाढवणार कुठे? तानपुऱ्याच्या साथीला बसणारा शिष्य काढून तिथे विजेवरची पेटी ठेवली, एवढीच काय ती आपली औद्योगिक क्रांती. तीसुद्धा अर्धीच, कारण मैफलीत शिष्य बसतोच. बुवांच्या मागे कुणीतरी मान डोलवायला हवं.

व्यवस्थेचा विषय निघाला की मला बालगंधर्व आठवतात. 1913 साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघेही भागीदार बाहेर पडले आणि कंपनी कर्जात रुतत गेली. उंची शालू, खरे दागिने, अत्तरं. भाचीच्या वर्गात हे प्रकरण ठेवलं, तर पहिल्या पानावरच अत्तराच्या ओळीवर लाल रेघ बसेल. आणि ती बरोबरच असेल. पण मी त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांकडून जे ऐकलं, त्यात अत्तर हटकून असे. नाटकाचं नाव चुकायचं, गावाचं नाव चुकायचं, दरवळ मात्र पक्का. अंदाजपत्रकात हा जमेला कुठे लिहायचा? 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन कंपन्या एका रंगमंचावर, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीच्या गाण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला कुतूहल रंगपटाचं आहे. मोठा आरसा कुणाकडे ठेवला असेल, चहा आधी कुणाला गेला असेल, आणि हे सगळं कुणाला न दुखावता कुणी जमवलं असेल! ते जमवणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून पदवी देईन.

अशी माणसं कलेच्या अगदी दाराशी असतात आणि त्यांना कला अर्ध्या कानाने मिळते. पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चाले. पुढे ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आली, आणि एखाद्या दिवशी बारापर्यंतची सूट. आता मध्यरात्रीचे राग कधी गायचे, हे घराण्याआधी परवान्याला विचारावं लागतं. आत गवई आलापीत बुडालेला, आणि मंडपाच्या कडेला घड्याळावर डोळा ठेवून एक माणूस उभा. तोही रसिकच असतो. पण पंचम लागला की त्याच्या मनात येतं, दहाला सात कमी.

ईस्टरच्या सुट्टीत भाची आली, तेव्हा मी तिला नारायणगावला नेलं. पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. एका राहुटीत आम्ही कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलो. मॅनेजरकाकांच्या समोर वही आणि पेनाने गिचमिड केलेलं कॅलेंडर. चार टोपीवाले आत आले. “कालाष्टमी हाय का?” “गेली.” “मग नवमी?” नवमीचा भाव निघाला तो कालाष्टमीहून बराच कमी. यात्रा तिथीवर ठरतात, त्यामुळे पुनवेला आणि कालाष्टमीला शेकडो गावांना एकाच रात्री तमाशा हवा असतो. मागणीप्रमाणे दर बदलण्याचं हे शास्त्र भाचीला लंडनमध्ये विमान कंपन्यांचं उदाहरण देऊन शिकवलं होतं. मग काकांनी सवाल सुरू केले. देवळापर्यंत ट्रक येतो का, रस्त्यात वायर खाली लोंबतीय का, लाइट गेली तर जनरेटर कुणाचा, बायामाणसांना उतरायला शाळा की समाजमंदिर, न्हाणीला आडोसा आहे का, पोलिसांचा परवाना कोण काढणार. गावकऱ्यांचा सवाल एकच, “दुसऱ्या दिवशीची हजेरी धरून ना?” भाची भराभरा लिहीत होती. मला कोपर मारून कुजबुजली, “मामा, हे अख्खं दुसरं सेमिस्टर आहे.”

सौदा ठरला, विसार मोजला गेला, मंडळी उठली. कलाकारांना हंगामाआधी दिलेली उचल वहीत कुठल्या बाजूला धरता, हे तिने विचारलं. काकांनी ते इतक्या सोप्या भाषेत सांगितलं की मलाही कळलं. मग तिने यंदाच्या वगाची गोष्ट विचारली. काका खुलले. राजा, प्रधान, वेशांतर करून आलेली राणी, सगळं हातवारे करून सांगू लागले, आणि राणी दरबारात उभी राहते तिथे थांबले.

“मग पुढे?”

“पुढचं न्हाई ठावं, ताई. गण-गवळण होईस्तवर मी तिथंच असतो. वग रंगात आला की कमिटीला गाठायचं. राहिलेली रक्कम तवाच सुटती. खेळ संपल्यावर कोण घावतंय?” शेवट म्हणे चांगला आहे, बायका रडतात. लांबून ऐकू येतं.

चहा आला. काकांनी बशीत ओतून फुंकर घातली आणि विचारलं, “तुमच्या लंडनला राहिलेली रक्कम कवा देत्यात?”

“बिल पाठवायचं. तीस दिवसांत बँकेत जमा होते.”

काका थोडा वेळ विचार करत राहिले. “म्हंजी,” ते म्हणाले, “तुमाला खेळ शेवटपत्तुर बघाया मिळत असंल.”