तीन आठवड्यांत मायभूमीचा शाश्वत विकास

अभिनंदन! परदेशात वीस वर्षं काढल्यावर तुम्हाला मायदेशाचं ऋण आठवलं. घर चेन्नईत, नोकरी न्यू जर्सीत, रजा तीन आठवड्यांची. घाबरू नका, तेवढ्यात भरपूर विकास होतो.

1. महिना नीट निवडा. डिसेंबर उत्तम: हवा बरी, मार्गळीच्या संगीतसभा सुरू आणि सभांच्या कॅन्टीनमध्ये गरम डोसे. जूनमध्ये चुकूनही येऊ नका. 2019 च्या जूनमध्ये शहराला पाणी देणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले होते, आणि जुलैत जोलारपेट्टईहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. गरज तेव्हा जास्त होती, मान्य. पण उकाड्यात माणसाला शाश्वत काही सुचत नाही.

2. व्यासपीठ गाठा. 9 जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस. केंद्राचा हा सोहळा 2009 मध्ये खुद्द चेन्नईत झाला होता. 12 जानेवारीला तमिळनाडू सरकार परदेशस्थ तमिळांचा दिवस साजरा करतं. शाल दोन्हीकडे मिळू शकते. 9 तारीख गांधीजींची: 1915 मध्ये ते त्या दिवशी मुंबईला उतरले. मग गोखल्यांच्या सांगण्यावरून वर्षभर तोंड बंद ठेवून, तिसऱ्या वर्गाने देश पाहत हिंडले. ही अट आता शिथिल झाली आहे. तुम्ही विमानतळावरून थेट बोलायला उभे राहू शकता.

3. पैशांतला फरक ओळखा. जागतिक बँकेच्या अंदाजाने 2024 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे 129 अब्ज डॉलर घरी पाठवले. त्यातून आईची औषधं आली, भाच्याची फी भरली गेली, गळकं छप्पर दुरुस्त झालं. याला विकास म्हणू नये. त्याला बोधचिन्ह नसतं.

4. आता दान करा. हाती अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर मन घट्ट करा. तुमचं मातृभूमीप्रेम कायद्याच्या लेखी ‘परकीय अंशदान’ आहे. मैलापूरच्या संस्थेला धनादेश द्यायचा असला तरी तिच्याकडे त्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरतो. इतका लांबचा प्रवास तुम्हीसुद्धा केला नसेल, असं त्या पैशाला वाटू नये म्हणून सोबत एक भावपूर्ण पत्र जोडा.

5. पर्यावरण वाचवा, पण क्रम चुकवू नका. आधी जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर फ्लॅट घ्या. खिडकीतून पळ्ळिकरणैची दलदल दिसते, असं बिल्डर सांगेल. पूर्वी ती खिडकीखालीही होती. तिचा मोठा भाग इमारतींनी, रस्त्यांनी आणि पेरुंगुडीच्या कचरा डेपोने गिळला. उरलेल्या भागाला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. गृहप्रवेश उरकला की दलदल बचाव मोहिमेला देणगी द्या. डिसेंबर 2015 सारखं पाणी तळमजल्यात शिरलं, तर निसर्ग कोपला म्हणावं.

6. प्रेरणेसाठी ‘स्वदेस’ पाहा. चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीचं, पण वीज आणण्याच्या गोष्टीमागे नंदुरबार जिल्ह्यातलं बिलगाव आहे, असं सांगितलं जातं. तिथे 2003 मध्ये आदिवासींनी श्रमदानाने लहानसा जलविद्युत प्रकल्प उभारला. परदेशातून परतलेले इंजिनिअर रवी कुचिमंची त्या कामात होते, आणि ते तीन आठवड्यांच्या रजेवर आले नव्हते. काही वर्षांतच सरदार सरोवराच्या फुगवट्याने प्रकल्प बुडवला. हा भाग सिनेमात नाही, तेव्हा तुमच्या भाषणातही नको.

7. शेवटी एक धोक्याची सूचना. देखभाल या प्रकारापासून लांब राहा. तमिळनाडूने पावसाचं पाणी जिरवणं 2003 मध्ये सगळ्या इमारतींना सक्तीचं केलं. तुमच्या फ्लॅटखालीही त्यासाठीचा खड्डा आहे, गाळाने गच्च भरलेला. तो ईशान्य मोसमी पावसाच्या आधी, सप्टेंबरात उपसावा लागतो. ना फीत कापता येते, ना फलक लावता येतो. शिवाय असोसिएशन त्यासाठी वर्गणी मागतं, तीसुद्धा रुपयांत.

ती तुमच्याकडे गेल्या वर्षापासून थकली आहे. व्यासपीठावरचं भाषण राहू द्या, तेवढी आज रात्री भरून टाका.