बास मासा धरू इच्छिणाऱ्या इसमांस सूचना

उत्तर अमेरिकेत, विशेषतः तिच्या दक्षिणेकडील जॉर्जिया, अलाबामा, टेक्सस आदी राज्यांत, बास ह्या नावाचा एक मासा आहे. पंगतीत वाढप्याचा हात अडविण्यासाठी आपण जो शब्द उच्चारतो त्याच शब्दाने तो ओळखला जात असला, तरी त्याच्या नादी लागलेल्या मनुष्याच्या तोंडून तो शब्द त्या अर्थाने निघाल्याचे एकही उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

प्रस्तुत लेखकाचा ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार कोणता, ही पृच्छा रास्त आहे. महसूल खात्यात ३४ वर्षे काढून अव्वल कारकून ह्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे जॉर्जियात सहा महिने राहावयास आलो. तिचे घर लेनियर जलाशयाच्या जवळ असल्यामुळे आणि जावईबापू दर शनिवारी पहाटे त्या जलाशयावर हजेरी लावीत असल्यामुळे, 'बाबा, घरी बसून कंटाळाल' ह्या सबबीखाली माझीही त्यांच्या होडीवर नेमणूक झाली. चट्टाहूची नदीवर ब्यूफर्ड येथे धरण बांधून गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात निर्माण केलेल्या ह्या जलाशयास सिडनी लेनियर नामक कवीचे नाव आहे, आणि पैठणच्या पाण्यास नाथसागर म्हणणाऱ्या प्रांतातून आलेल्या मनुष्यास त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. पाण्यात गळ टाकण्यापूर्वी येथे रीतसर सरकारी परवाना काढावा लागतो, हे समजल्यावर तर ह्या उद्योगाविषयीचा माझा आदर द्विगुणित झाला.

प्रथम माशाची ओळख पटविणे अगत्याचे आहे. १८०२ साली लासेपेद ह्या फ्रेंच शास्त्रज्ञापुढे ह्या कुळातला जो नमुना आला, त्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता. तो फाटका तुकडा म्हणजे स्वतंत्र असा लहानसा पर होय, ह्या समजुतीने त्यांनी 'लहान पराचा' ह्या अर्थाचे मायक्रोप्टेरस हे नाव दफ्तरी दाखल केले, आणि बाकीचे मासे धडधाकट असल्याचे जगजाहीर होऊनही नोंद तशीच कायम राहिली. शिवाय हा मासा वास्तविक बासांच्या कुळातला नव्हेच, सनफिश म्हणविणाऱ्यांच्या कुळातला आहे. सातबाराच्या उताऱ्यावर एकदा चुकलेले नाव तीन पिढ्या कसे टिकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्याचे आश्चर्य वाटू नये.

ह्या माशाच्या वजनाचा विक्रम २ जून १९३२ रोजी जॉर्जियातीलच माँटगोमेरी सरोवरात जॉर्ज पेरी ह्या तरुण शेतकऱ्याने केला: २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित अधिक. पावसामुळे शेतात नांगर चालेना म्हणून तो पाण्यावर गेला होता, आणि मासा तोलून, नोंदवून झाल्यावर त्याने तो घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला. पुढे २ जुलै २००९ रोजी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता ह्यांनी त्याहून सुमारे एक औंस जड मासा काढला. परंतु जुना विक्रम मोडण्यास निदान दोन औंसांचे आधिक्य पाहिजे असे कलम नियमावलीत असल्यामुळे दोन्ही नावे बरोबरीने लावण्यात आली. ७७ वर्षांनी दाखल झालेल्या दाव्याचा एका औंसावरून असा निकाल लागलेला वाचून मला परमुलुखात स्वतःच्याच कचेरीत शिरल्यासारखे वाटले. पेरींचे आमिष लाकडी होते आणि कुरितांचे जिवंत मासळीचे, म्हणजे ज्या मृदु, लवचिक प्लास्टिकच्या आमिषाविषयी हा लेख आहे त्याचा उभय विक्रमांशी काडीमात्र संबंध नाही, ही गोष्ट मात्र जाणत्याने मनात ठेवावी. होडीत बोलू नये.

मृदु आमिषाचा उगम चुलीपाशी झाला. ओहायोतील ॲक्रन गावी निक क्रीम नामक यंत्रकारागिराने १९४९ च्या सुमारास पत्नीच्या साहाय्याने घरच्याच शेगडीवर रसायन शिजवून लवचिक प्लास्टिकचे गांडूळ ओतले आणि खरे गांडूळ उकरण्याच्या कष्टातून एका राष्ट्रास मुक्त केले. त्यानंतर कित्येक वर्षांनी कनेक्टिकटचे हर्ब रीड ह्यांनी स्लग-गो नावाचा जो प्रकार काढला, त्यात ह्या कथेचे खरे मर्म आहे. कारण त्याला पाय नव्हते, पंख नव्हते, शेपटीला वळण नव्हते, आणि पाण्यात टाकून नुसते ओढले तर तो शेवग्याच्या शेंगेसारखा मुकाट्याने परत येत असे. स्वतः होऊन काहीही न करणे हाच ज्याचा गुण, असे हे आमिष हातातल्या काठीला हिसका दिल्यावर मात्र आडवेतिडवे पळते, म्हणून त्यास जर्कबेट म्हणतात. पुढे जॉर्जियातल्याच झूम कंपनीने दुभंगलेल्या शेपटीचा, लहान मासोळीच्या आकाराचा फ्लूक काढला आणि तोच येथील होड्यांतून सर्वत्र रूढ आहे. भाषेच्या अभिमानापोटी मी 'मृदुहिसकामिष' असा प्रतिशब्द योजून पाहिला होता. परंतु तो ऐकून मुलीने 'बाबा, हे कोणाला झालंय?' असे विचारल्यामुळे सदर प्रस्ताव मागे घेण्यात आला.

आता निवड. लांबीचा प्रश्न सोपा आहे: लेनियरमधला बास ज्या हेरिंग मासोळीचा पाठलाग करतो तिच्या मानाने पाच इंचांच्या आसपासचे आमिष पुरेसे होते. खरी पंचाईत रंगाची आहे, कारण दुकानाच्या एका आख्ख्या भिंतीवर आमिषे टांगलेली असतात आणि हिरवा भोपळा, तांबड्या ठिपक्यांचे कलिंगड, मोती, बबलगम अशी त्यांच्या रंगांची नावे वाचताना आपण मंडईत आहोत की सराफकट्ट्यावर की शाळेबाहेरच्या गोळ्यांच्या टपरीवर, हे कळेनासे होते. सर्वमान्य संकेत असा की, पाणी निवळ असेल तर अर्धपारदर्शक, नैसर्गिक छटा घ्यावी, आणि गढूळ असेल तर ठसठशीत, गडद किंवा भडक. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी तर ह्या माशांना रंगीत खुणा ओळखून खाऊ मिळविण्यास शिकविले, तेव्हा तांबडा व हिरवा त्यांस उत्तम कळतो, परंतु काळ्यात व निळ्यात, तसेच पांढऱ्यात व पोपटी-पिवळ्यात त्यांची गफलत होते, असे निष्पन्न झाले. हा वृत्तांत मी जावईबापूंस वाचून दाखविला, तेव्हा त्यांच्या पेटीत पांढरी आणि पोपटी अशी दोन्ही आमिषे वेगवेगळ्या कप्प्यांत लावलेली होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि काळी व निळीही मागविली.

बबलगमचा उग्र गुलाबी रंग पाहून नवख्या मनुष्यास हसू येते, पण तो मासळीसाठी नसून मनुष्यासाठी आहे. पाण्याखाली दोन हातांवरून तो स्पष्ट दिसतो आणि एकाएकी दिसेनासा झाला, म्हणजे तो कोणाच्या तरी तोंडात गेला असे समजावे. 'बेबी बास' ह्या रंगाविषयी मात्र माझे मन द्विधा आहे. नर बास घरट्यावर खडा पहारा देतो, अंडी फुटल्यावर पिलांचा थवाही काही दिवस राखतो, आणि पहाऱ्याची मुदत संपली की त्यांतलीच जी समोर येतील ती गिळावयास कमी करीत नाही. पित्यास पुत्राचा रंग दाखवून फसविण्याची ही कल्पना जितकी शास्त्रशुद्ध, तितकीच सांगताना घसा खाकरावयास लावणारी आहे.

ह्या आमिषांत मीठ घालतात आणि कित्येकांत लसणीचा वास. त्या वासाने मासा आमिष अंमळ अधिक वेळ तोंडात धरतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुरते म्हणाल, तर त्या वासाने मला भाकरीची आठवण होते आणि हिसका चुकतो.

निवडीत सर्वांत मोठी कसोटी सरळपणाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पेटीत कोंबल्यामुळे ज्याच्या शेपटीस बाक आला आहे असे आमिष पाण्यात चातीसारखे स्वतःभोवती फिरते, दोरीस पीळ भरते आणि हेरिंगने असे कधी केलेले नसल्यामुळे मासा पाठ फिरवितो. सबब आमिषे मूळच्या पाकिटातच उताणी-सुलटी नीट निजवून ठेवावीत. बाक आलेलाच असेल, तर उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून सपाट जागी ठेवल्यास तो जातो. हा प्रयोग मी एका रविवारी सकाळी चहाच्या पातेल्यात केला. आमिषे उत्तम सरळ झाली, आणि त्यानंतरचा चहा, पातेले तीनदा घासूनही, लसणीच्या चटणीस फोडणी दिल्यासारखा लागला, एवढेच नमूद करून मी पुढील मुद्द्याकडे वळतो.

पुढील मुद्दा गळाचा. गळाच्या मापांत १, २, ४, ६ असे आकडे चढत गेले की गळ लहान होत जातो, आणि १/०, २/०, ३/० असे चढत गेले की मोठा. ही पद्धत ज्याने बसविली तो इसम आमच्या खात्यात असता तर निश्चित बढती पावला असता. फ्लूकला ४/० चा, मानेजवळ दुहेरी बाक असलेला रुंद पोटाचा गळ लागतो. चार भागिले शून्य अशा राशीस भास्कराचार्यांनी 'खहर' हे नाव देऊन ती अनंत मानली आहे. अनंत परिमाणाचा गळ दीड किलोच्या माशासाठी मागताना दुकानात माझी जीभ अडखळली, परंतु दुकानदाराने पाच नगांचे पाकीट निर्विकारपणे पुढे केले.

जोडणी येणेप्रमाणे करावी. आमिषाच्या नाकाच्या बरोबर मध्यावर गळाचे टोक खुपसावे, ते सुमारे पाव इंच आत गेले म्हणजे हनुवटीखालून बाहेर काढावे, आणि मानेचा दुहेरी बाक नाकात रुतून नेढे दिसेनासे होईपर्यंत गळ ओढून घ्यावा. मग त्यास अर्धा फेर देऊन टोक आमिषाच्या पोटाकडे वळवावे, गळ बाहेरून अंगाशी लावून त्याचा मोठा बाक पोटाच्या कोणत्या जागी येतो तेथे नखाने खूण करावी, आणि त्याच जागी, पोटाच्या चिरेतून सरळ वर, टोक पाठीवरच्या खाचेत काढून शेवटी त्याचा केवळ अग्रभाग कातडीखाली पुन्हा दडवावा, म्हणजे पाणवनस्पतीत ते अडकत नाही आणि माशाने दाबताच बाहेर येते. खूण जवभर शेपटीकडे झाली तर आमिषाच्या पाठीस कुबड येते, जवभर नाकाकडे झाली तर मान ताणली जाते. पहिल्या शनिवारी मी जोडलेले आमिष हाती घेऊन जावईबापू बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'बाबा, छान आहे, पण ह्याला कुठे दुखतंय का?'

दोरीविषयी थोडक्यात. साधा नायलॉनचा तंगूस अगदी सावकाश बुडतो व आमिष वर राखतो. फ्लूरोकार्बनचा चटकन बुडतो व त्यास खाली नेतो. ज्याला जेथे मासा असेल असे वाटत असेल त्याने त्याप्रमाणे तंगूस वापरावा. आमिषापासून फूट-दीड फुटावर भोवरकडी घालावी, कारण आमिष कितीही सरळ असले तरी मनुष्याचा हात सरळ असतोच असे नाही, आणि पीळ कोठेतरी जिरला पाहिजे. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी.

येथवरचे सर्व काम कोणासही शिकता येते. ह्यापुढे जे आहे ते मात्र मी होडीत शिकलो नाही, कचेरीत शिकलो. वजनावाचून जोडलेले आमिष पाण्यात पडले की काठीचे टोक खाली धरून दोन हलके हिसके द्यावयाचे, तेही दोरी सैल ठेवून, म्हणजे आमिष डावीकडे, मग उजवीकडे असे सटकते. आणि नंतर काहीही करावयाचे नाही. दोरी सैल, हात स्वस्थ, आमिष आडवेच्या आडवे, अंग किंचित डोलवीत, प्राण कंठाशी आल्यासारखे खाली जात असते. नवखा मनुष्य ह्याच वेळी अस्वस्थ होऊन ते ओढावयास लागतो आणि सर्व घालवून बसतो. मासा सहसा हिसक्यावर येत नाही, विसाव्यावर येतो. दफ्तरातला जो कागद सारखा चालत असतो त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहात नाही. जो दोनदा झटक्याने पुढे सरकतो आणि मग एका मेजावर निपचित पडतो, त्याच्याभोवती मात्र पलीकडच्या मेजावरचे लोक हळूहळू जवळ येऊ लागतात. ३४ वर्षांत मी अशा किती कागदांना विसावा दिला असेल, ह्याची गणती नाही. त्या विद्येचा उपयोग सातासमुद्रापार व्हावा, हे कोणी जाणले होते?

हातास कळावा इतका धक्का दोरीस पुष्कळदा बसतच नाही. ती पाण्यावर नुसती बाजूस सरकू लागते. अशा वेळी तत्काळ हिसका न देता सैल दोरी गुंडाळून घ्यावी, माशाचे वजन काठीस जाणवू द्यावे, आणि मग काठी आडवी, जोराने, एकाच ओढीत मागे न्यावी. मे महिन्यातल्या एका शनिवारी, जलाशयात घुसलेल्या एका खडकाळ टोकापाशी, मी दोन हिसके दिले आणि चष्मा पुसावयास घेतला. पुसून परत लावतो तो दोरी उजवीकडे चाललेली. मी हिसका दिला नाही, हे नियमास धरूनच होते. दोरी होडीच्या पुढच्या बाजूस गेली. तरीही मी स्वस्थ होतो. 'बाबा, ओढा! ओढा की!' असे जावईबापू ओरडले तोवर ती थांबली, सैल झाली, आणि आमिष वर आले तेव्हा त्याचे शेपूट कुरतडलेले होते.

'एवढा वेळ वाट कसली पाहत होता?' त्यांनी विचारले.

'मंजुरीची,' मी म्हणालो.

फाटलेली आमिषे पाण्यात टाकू नयेत, कारण ती कुजत नाहीत आणि एखादा मासा ती गिळून बसतो; ती खिशात ठेवून घरी आणावीत. सदरा धुण्यास टाकण्यापूर्वी मात्र खिसा रिकामा करावा, ह्याविषयी माझ्या मुलीने स्वतंत्र परिपत्रक काढले असून ते धुलाईयंत्राच्या झाकणावर चिकटविलेले आहे.