फोडणीच्या पोळीचा भाव

आमच्या लेकीच्या शाळेनं डब्याचं वेळापत्रक छापून दिलंय. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पालेभाजी, गुरुवारी थालीपीठ किंवा पराठा आणि शुक्रवारी 'पालकांच्या आवडीनुसार'. मुलांच्या आवडीला वारच उरलेला नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा गुरुवारवर नाचणीनं कब्जा केला होता. त्या वर्षी काळसर डोसे जसे गेले तसेच घरी परतले.

बायकोला डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठायची असते, म्हणून डब्याचं खातं माझ्याकडे. माझ्या अटी तीनच: डबा स्वस्त असावा, रात्रीच अर्धा तयार असावा आणि गळू नये. गळण्याचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो. झाकणाची रबरी रिंग घासताना काढली आणि परत बसवायची राहिली, की मटकीचा रस्सा थेट गणिताच्या वहीत. भागाकाराच्या पानावर हळदीचा नकाशा उमटतो आणि त्याखाली बाई पालकांची सही मागतात. म्हणून उसळ कोरडीच. शिवाय परवडते, वाटीभर मटकी भिजवली की मोड येऊन पातेलं भरतं. बटाट्याच्या काचऱ्याही गुणी. फक्त पोळी गरम असताना झाकण लावायचं नाही. आत वाफ धरते आणि मोठ्या सुट्टीपर्यंत पोळीचा ओला रुमाल होतो. २०२३ च्याच जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा महिनाभर भाज्यांत आमसूल घातलं. कुणाला पत्ता लागला नाही.

समोरच्या वहिनी वेगळ्या पंथाच्या. त्या मोबाइलवर बघून दहीभाताचा ससा करतात. गाजराचे कान, मिऱ्यांचे डोळे. त्यांच्या लेकानं ससा खायला साफ नकार दिला. बिचाऱ्याला दुखेल म्हणे. संध्याकाळी ससा सुखरूप घरी आला, पण आंबून.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० साली केला. कोपऱ्यावरचा वडापाव कितव्या मीटरवर आहे ते मी मोजायला गेलो नाही. वासाला मीटर कळत नाहीत.

मुळात आपण भरलेला डबा आपलं पोर खातं, ही आईबापांची भाबडी समजूत. मोठ्या सुट्टीत बाकावर बाजार भरतो आणि जो तो दुसऱ्याचं खातो. तेव्हा डबा भरायचा तो शेजारच्या पोराच्या तोंडाला पाणी सुटेल असा. हे उमगलं आणि मी फोडणीची पोळी बाजारात उतरवली. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या हातानंच कुस्करायच्या. मिक्सरला लावल्या की भुगा होतो आणि पदार्थाचा जीव जातो. मोहरी, हिंग, हळद, सढळ हातानं कांदा, कुरकुरीत शेंगदाणे, वर लिंबू आणि चिमूटभर साखर. खर्च जवळपास नाहीच. बाकावरचा भाव मात्र चढा: दोन चमच्यांना एक अख्खी इडली, चार चमच्यांना अर्धा पनीर रोल.

एके रात्री त्या पनीर रोलच्या आईचा फोन आला.

"ओवीचे बाबा ना? तुम्ही डब्यात ते काय देता हो? आमचा पनीरला हात लावत नाही आजकाल."

मी कृती सांगितली. पलीकडे शांतता.

"शिळ्या पोळ्या? पण आमच्याकडे उरतच नाहीत. मावशी मोजून करून जातात."

आठवड्याभरात कळलं, की त्यांनी मावशींना रोज चार पोळ्या जास्त लाटायला सांगितल्यात. मावशींनी पगार वाढवून घेतला, हे ओघानं आलंच. शिळ्या व्हाव्यात म्हणून ताज्या पोळ्या करून घेणारं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांनी ती कृती वर्गाच्या ग्रुपवरही टाकली, माझ्या नावासकट आणि तीन हात जोडून.

परवा ओवी दप्तर आपटतच आत आली.

"बाबा, आता सगळेच फोडणीची पोळी आणतात. कुणी इडली देत नाही."

"मग उद्या काय देऊ?"

तिनं गंभीरपणे बाजाराचा अंदाज घेतला. "तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या कुणाकडेच नसतात."

मी कणकेचा डबा काढला. ती स्वयंपाकघराच्या दारातून परत फिरली.

"आणि बाबा, या वेळी कुणाच्याही आईला कृती सांगायची नाही."